बीपी तिचं, उत्तरं माझी

आमच्या घराण्यात पूर्वी तलवार चालायची. आता फक्त तोंड चालतं, तेही पुरुषांचं. त्यामुळे बायकोचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बाड्याच्या चौकाजवळचे आमचे हिंदी बोलणारे डॉक्टर तिला विचारायचे, "कैसी हैं?" मी सांगायचो, "ठीक हैं, नमक ज़्यादा खाती हैं." ती पदर सावरत मान डोलवायची. गोळ्या बदलत राहिल्या, बीपी काही उतरेना.

मग उपचार मीच हाती घेतले. लोणचं बंद, पापड बंद. घरी यंत्र आणलं. आकडा वाढला की मी तिलाच रागवायचो. रागावल्यानं बीपी उतरतं, अशी माझी पक्की समजूत असावी.

संध्याकाळी दिवा लावून टीव्हीपुढे बसलो की तिचे पाय सुरू. चोळायची, हलवायची, उठून फेऱ्या मारायची. "पाय हलवू नकोस, लक्ष्मी निघून जाते," हे मी वर्षानुवर्षं ऐकवत आलो. आमच्या दौलतगंजातल्या दोन खोल्यांत लक्ष्मी राहायला आली होती कधी, हे तिनं विचारलं नाही. "मला बसवतच नाही हो," एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, खोड आहे, दुसरं काय!

या खेपेला आमचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला दोन वाक्यांतच ओळखलं. "अंकल, आप ज़रा चुप रहिए. आंटी को बोलने दीजिए." उभ्या जन्मात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि बायको बोलू लागली. संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत किडे फिरल्यासारखं होतं, चाललं की बरं वाटतं, टेकलं की पुन्हा तेच, झोप अशी नाहीच. इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"ये बीमारी है आंटी, आदत नहीं," बाई म्हणाल्या. लोह कमी पडलं तरी पाय असे छळतात म्हणून रक्तातलं लोह तपासायला सांगितलं. झोपच मिळत नसेल तर बीपी तरी कसं उतरणार, असंही म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नींद में भी पैर चलते होंगे. अंकल, आपने कभी देखा नहीं?"

पाहिलं होतं. तिच्या पायांनी माझी झोप मोडते म्हणून मी माझा पलंग केव्हाच बाहेरच्या खोलीत नेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडायच्या आत बायकोच माझ्या वतीनं म्हणाली, "इनकी नींद बहुत गहरी है."