अप्पांचे तिखट कान

अप्पा गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी रव्याची पेज ढवळत होते. खोलीतून शेखर, माझा नवरा, नुसता "अगं..." म्हणाला. पुढे काही नाही. तेवढ्यानं मला कळलं. तरी मी गॅस बंद केला, पेज झाकून ठेवली, पदराला हात पुसले आणि मग गेले. म्हणेल कोणी, काय बाई आहे! पण चार वर्षं त्या खोलीकडे धावत जाणाऱ्या माणसाला एका सकाळी कळतं की आता धावून काही उपयोग नाही, तेव्हा पाय उचलतच नाहीत हो. दारापर्यंतचं ते अंतर मला फार लांब वाटलं.

अप्पा माझे सासरे. शेखरचे वडील, आमच्या मुक्ताचे आजोबा. फरीदाबादच्या ह्या फ्लॅटमध्ये कंपवातानं त्यांचा एकेक अवयव ताब्यात घेतला आणि मी शाळेतली नोकरी सोडून त्यांच्यामागे राहिले. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, औषधं. तक्रार नाही, पण थकवा आहे, तो का लपवू? अजून पहाटे जाग येते, हात उशीखालच्या चष्म्याकडे जातो, आणि मग आठवतं की उठायचं कारणच संपलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच शब्द घेऊन यायचा. सुटले. पुण्याहून वसुधाताई आल्या, माझ्या नणंद, त्या गळ्यात पडून म्हणाल्या, "सुटले गं अप्पा. आणि तूही सुटलीस." शेजारच्या आंटी म्हणाल्या, "चलो, भाईसाहब को मुक्ति मिल गई, अब तुम भी आराम करो." आराम? तो कसा करतात तेच मी विसरले होते. प्रेमानंच म्हणत होते सगळे, मला कळत होतं. पण दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय तुरुंगात होते?

आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की मला रडू येत नव्हतं. शेखर रडला, मुक्ता रडली, वसुधाताई तर दोन दिवस जेवल्या नाहीत. मी सगळ्यांना चहा करत होते. डोळे मिटले की समोर यायचे ते आजारी अप्पा... उघडं तोंड, थरथरता हात, गळ्याला बांधलेला रुमाल. त्याआधीची वीसेक वर्षं मी ज्या माणसाबरोबर एका घरात काढली तो कुठे गेला, ते सापडेना. त्याचा आवाजसुद्धा आठवेना. ज्याच्यासाठी रडायचं तोच मनात नाही, तर रडणार कोणासाठी? दिवसकार्य होईपर्यंत मला एकच भीती होती, की आता आपल्याकडे हे आजारपणच उरणार, अप्पा नाहीत.

म्हणून मी मुद्दाम आठवत बसायची. वाईहून आलेला मुलगा, दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात कारकून लागला, अधिकारी होऊन निवृत्त झाला. आर. के. पुरमचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. रविवारी आपल्या राज्याच्या अतिथीगृहात जाऊन शिळी मराठी वर्तमानपत्रं वाचत बसणं. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा हिंदीत माझी बोंब होती. भाजी कशी घ्यायची ते त्यांनीच शिकवलं. "भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं आणि चालायला लागायचं. मागून हाक आली नाही तर आपलं चुकलं, गुपचूप परत यायचं." मुक्ता लहान असताना तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घालून थंडीत, धुक्यात, तिच्या बसची वाट बघत उभे राहायचे आणि तिच्या वाटणीचे पाढे स्वतःच म्हणायचे. सगळं आठवायचं. पण कोणी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं. ही अप्पांची माहिती होती, अप्पा नव्हते.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. सुतकात तळण करत नाहीत, ते त्या दिवशी पुन्हा सुरू होतं. वसुधाताईंनी कढई ठेवली आणि पापड तळले. टेबलावर श्रीखंड, पुऱ्या, वरणभात, आणि मधोमध पापडांची चळत. आम्ही जेवायला बसलो. शेखरनं पहिला घास घेतला. तेवढ्यात मुक्तानं आपल्या ताटातला पापड उचलला, उठली, किचनमध्ये गेली आणि आतून दार लावून घेतलं.

वसुधाताई बघतच राहिल्या. "हिला काय झालं?"

मला आणि शेखरला मात्र लगेच कळलं. अप्पांना गिळायला त्रास व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांनी कोरडं, कुरकुरीत सगळं बंद केलं होतं. आणि अप्पांना तर पापडाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा. एकदा टेबलावर शेखरनं पापड मोडला, आणि समोर मऊ भात खाणाऱ्या अप्पांचा हात आपोआप पुढे आला... मग त्यांनीच तो मागे घेतला. त्या दिवसापासून घरात अलिखित नियम झाला. पापड, कुरडया, चिवडा, काय खायचं ते किचनमध्ये, दार लावून. मुक्ता गुरुग्रामहून ऑफिसमधून भुकेली यायची, फरसाणचा पुडा ओढणीखाली लपवून थेट आत. आम्ही तिघं मोठी माणसं ओट्याशी उभी राहून चोरासारखी चिवडा खायचो.

दार उघडलं. मुक्ता अर्धा पापड हातात घेऊन उभी. "सॉरी," ती म्हणाली. "सवय झालीय यार."

शेखरनं ताईंना सगळं सांगितलं. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "बिचारे. त्यांना कळलंही नसेल."

"कळलं नसेल?" मुक्ता म्हणाली. "आजोबांना बिल्कुल सगळं माहीत होतं. आपण दार लावलं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे ना?"

"ते ऐकू कमी यायचं म्हणून," मी म्हटलं. किती वेळा मी वैतागून, कान फाटतील अप्पा, म्हणत तो आवाज कमी केला होता.

"नाही गं आई. मुद्दाम. आपल्याला मोकळेपणानं खाता यावं म्हणून. एकदा मी पुडा घेऊन आत चालले होते, तेव्हा ते रिमोट शोधत होते. बोटं इतकी हलत होती, बटण सापडत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, मी करते, किती वाढवू? तर म्हणाले, 'भरपूर. आणि सावकाश खा.' आणि डोळा मारला."

मी हातातली पुरी खाली ठेवली. आर. के. पुरमचं ते क्वार्टर अचानक माझ्यासमोर आलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. आईची आठवण आली की मी पोळ्या लाटता लाटता रडायची, आणि दोन खोल्यांच्या घरात रडायला जागा कुठे असते? बाहेरच्या खोलीत अप्पा रेडिओ लावायचे. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, काहीही, पण कर्कश. सासूबाई तेव्हा होत्या, त्या गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, केवढा तो आवाज!" आणि अप्पा शांतपणे म्हणायचे, "मला नीट ऐकू येत नाही गं." नव्या नवरीला खरंच वाटलं होतं, सासरे बहिरे आहेत. आणि ते खरे इतक्या तिखट कानांचे, की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायचे.

"मला नीट ऐकू येत नाही गं." ऐकलं मी ते. तस्सं, वाईच्या हेलात, खर्जातलं. खुर्चीत थरथरणारा तो म्हातारा आणि हा रेडिओचा कान पिळणारा माणूस, दोघे एकच होते. शेवटपर्यंत. आणि मी त्यांना शोधत बसले होते.

मग मला रडू फुटलं. मोठ्यानं, भरल्या ताटावर, सगळ्यांसमोर. अप्पांच्या खोलीतला टीव्ही बंद होता. आवाज वाढवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.