केशरबाईच्या दारातलं गिराण

आमच्या मानवतच्या गल्लीत केशरबाईसारखी आभाळयेडी बाई दुसरी न्हाई. कापूस येचायला आमी दोघी पहाटंच निघायचो. मी पायाखाली बघून चालायची आन ही मान वर करून. ते चार चांदन्यांचं खाटलं बघ, त्याच्यामागं ते तीन चोर बघ, असं सांगता सांगता ठेचकाळायची. मी लय चिडायची. ती म्हनायची, "सविता, येवढं अफाट हाय, पर कुनाच्या बापाच्या मालकीचं न्हाई." खोटं कशाला बोलू, तिच्यासंगं वर बघताना माझाबी जीव हलका व्हायचा.

ग्रहण मातर तिनं कवाच पाळलं न्हाई. तिची आजी ग्रहण सुटलं की "दे दान, सुटे गिराण" वरडत दारोदार फिरायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आन आजीनं ते सोडलं. केशरबाईला त्याचा लय अभिमान. गिराणाचं दान न मागायचं, न द्यायचं, ही तिच्या घरची रीतच झाली.

मागं दिवाळीत सूर्यग्रहण आलं, तवा सून सुकेशनी दोन जिवांची. केशरबाईनं तिला माळवदावर नेऊन चष्म्यातून सूर्य दावला. आठ दिवसांत सुनेचं पोट पडलं. ग्रहणाचा काही संबंध न्हाई, असं डॉक्टरनं सांगितलं. पर गल्लीच्या तोंडाला हात कोन लावनार? केशरबाईचं वर बघनंच सुटलं.

यंदा होळीला चंद्रग्रहण, आन सुकेशनीला पाचवा महिना. तिनं संध्याकाळी दार लोटलं, इळी बाजूला सारली आन पोटावर हात ठिवून बसली. मी सोबतीला होते. केशरबाईनं तिला अडवलं न्हाई. ग्रहण सुटलं तशी गल्लीत एक बाई वरडत आली, दे दान, सुटे गिराण.

सुकेशनी रडवेली झाली. "आत्या, मूठभर तरी देऊ द्या."

मला वाटलं, आता घरात आग लागती. केशरबाई उठली. तिनंच सूपभर जवारी घेतली आन त्या बाईच्या पदरात वतली.

आत आल्यावर सुनेनं हळूच इचारलं, तुमी तर हे मानत न्हाई ना?

"न्हाई मानत," केशरबाई म्हनली. "पर भ्याले मी."

बाहेर पुनवेचा चांद निर्मळ झाला होता. तिनं दार लावून घेतलं.