गोजरबाईला केतकीचा राग येतो

आठच्या मालिकेतली केतकी आवडत नाही अशी आमच्या गल्लीत एकच बाई आहे, गोजरबाई. आणि मालिका लागते तिच्याच घरी.

शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट असते, तिला फळ्या नसतात. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून खाली एक फळकूट आडवं लावलं की झालं. म्हणून ज्याचा टीव्ही मोठा त्याच्या घरी संध्याकाळी गल्ली जमते, कुणी बोलवावं लागत नाही. गोजरबाईचा टीव्ही अर्धी भिंत व्यापेल एवढा आहे. जावयानं आणून दिला, सासऱ्यांचं मन रमावं म्हणून.

सासरे म्हणजे सूर्यभानभाऊ, गोजरबाईचे मालक. टेम्पो चालवायचे. बोलले की शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायचं. तेव्हाच्या छोट्या टीव्हीपुढे आम्ही बायका दिसलो की "बंद करा ती रडारड" म्हणत येता येताच बटण दाबायचे. मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला आणि गळ्यातून निघणारा एक आवाज राहिला. तो मात्र अजूनही शेवटच्या घरापर्यंत जातो. आता त्या रडारडीवाचून त्यांना करमत नाही. खाट अशी लावली आहे की समोर टीव्ही आणि टीव्हीच्या बाजूला चौकट. घराला वाट तेवढी एकच. मागं मोरी आहे, पण तिथून बाहेर पडता येत नाही.

मालिकेतल्या केतकीचा नवराही असाच अंथरुणाला खिळलेला. विश्वजित त्याचं नाव, अपघातात लुळा पडलाय. केतकी पहाटे न्हाऊन देवघरात दिवा लावते, भरजरी साडीत त्याच्या उशाशी बसते, त्याच्या कपाळावरचे केस सारखे करते आणि डोळ्यांतून एकेक थेंब गाळते. खरं सांगते, मला ती आवडायची. देवाधर्माची आहे, तोंडात कुणासाठी वाकडा शब्द नाही. कडूबाई तर रोज कौतुकानं तिच्यावरून बोटं मोडते. कडूबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठी, तिच्यापुढे कुणी बोलत नाही.

"सेवा बगावी तर आशी," कडूबाई म्हणाली. "कपाळाला आठी न्हाई पोरीच्या."

"कशाला यील?" गोजरबाई खाटेशी वाकून भाऊंच्या पाठीला पावडर लावत होती. "वरीस झालं बगतीय मी. त्या बाईनं येकदा तरी त्याची कूस पालटली का? येकदा तरी चादर धुतली का? पाठीला जखमा कशा न्हाई झाल्या त्याच्या?"

"आगं, ते दाखवत्यात व्हय टीव्हीवर? जेवायच्या टायमाला?"

"मग सेवा सेवा कशाला म्हनत्यात? केस सारखे केले की झाली का सेवा? तेवढी तर न्हाव्याचं पोरगं बी करून जातं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कडूबाईला हसू आलं नाही. "तुला तिचा राग का येतो मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "ती गोरी हाय."

"गोरी हाय म्हनून न्हाई. रडायचं झालं की ती खोलीत जाऊन कडी लावती. आमी कुठली लावावी?"

शनिवारी देवाला येणारी परगावची माणसं आमच्या गल्लीतून चौकटी बघत फिरतात, फोटो काढतात. एका शनिवारी मी तिच्याकडे बसले असताना एक शहरातली बाई आत डोकावली. म्हणाली, "किती मोकळं घर आहे हो तुमचं. भीती नाही वाटत, कुणी आत येईल म्हणून?"

"आत येनाराची न्हाई वाटत," गोजरबाई म्हणाली आणि भाऊंच्या तोंडात मऊ भाताचा घास दिला.

तिला एकच मुलगी, सायली, पाथर्डीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. पण एका खोलीत लुळा माणूस आणि बाळंतीण कशी ठेवायची, दोघांचं करणार कोण? सायली स्वतःच म्हणाली, "आई, मी इथंच राहते." पोरीनं समजून घेतलं, पण सासरच्यांनी बोलून दाखवायचं ते दाखवलंच. मुलगा झाला. गोजरबाई फोनवर हसून बोलली आणि नंतर मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

"बाळंतपन तर गेलं," मला म्हणाली. "बारशाला तरी जाईन, भागिरथे. बाळंतविडा माझ्या हातानं नेईन. पाळन्यात मीच घालीन त्याला."

त्या दिवसापासून ती भाऊंच्या खाटेशी बसून गोधडी शिवू लागली. आपल्या जुन्या साड्यांचे तुकडे आणि मधोमध भाऊंचा टेम्पोवरचा खाकी सदरा. झबली, टोपडी सगळं हातचं. त्या दिवशी मी थांबायचं, तिनं सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत यायचं, असं आम्ही ठरवलं. भाऊंना तिनं लपवून काही ठेवलं नाही. रोज सांगायची, "अहो, नातवाला बघून येते. भागिरथी बसंल तुमच्यापाशी." भाऊ डोळे मिटून घ्यायचे. त्याला आम्ही होकार समजलो.

आणि मधेच मालिकेनं घात केला. केतकी भावाच्या साखरपुड्याला एका दिवसासाठी माहेरी गेली. इकडे नणंदेनं औषधाची बाटली बदलली, विश्वजित तडफडत पलंगावरून खाली पडला. नुसता पडला तर ठीक, आठवडाभर पडतच होता. रोज तेच, त्याचा हात, केतकीची रिकामी खुर्ची, ढगांचा गडगडाट. कडूबाई म्हणायची, "बाई घराबाहेर गेली की आसंच व्हतं." मी भाऊंकडे बघितलं तर त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं. ते गोजरबाईकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती नळावर पाणी भरायला निघाली तर भाऊंनी आवाज काढला. ती परत आली, आवाज थांबला. पुन्हा चौकटीपर्यंत गेली, पुन्हा आवाज. दुकानात जायचं म्हटलं तरी तेच. आपल्या घराला दार असतं तर निदान आडोशानं निसटता आलं असतं, पण खाटेवरून सगळी वाट दिसते. गल्ली म्हणायला लागली, बिचाऱ्याचा किती जीव आहे तिच्यावर.

"ते बंद कर ना आक्का," मी म्हणाले. "दुसरं काही लाव. भजन लाव."

"लावून बघितलं. रिमोट उशीखाली धरून ठेवत्यात."

मी शनिवारी देवाला तेल वाहताना मागून घेतलं, एक दिवस दे तिला, बाकी काही मागत नाही.

बारसं रविवारी होतं. जावयानं जीप पाठवली, ती गल्लीच्या तोंडाशी उभी. गोजरबाईनं सकाळीच भाऊंचं सगळं आवरलं होतं, अंघोळ, दाढी, पाठ, चादर. मग लग्नकार्यासाठी ठेवलेली हिरवी साडी नेसली. बोचकं काखेत घेतलं. खाटेपाशी जाऊन म्हणाली, "अहो, येते मी. दिवस मावळायच्या आत येते." भाऊंनी डोळे मिटले नाहीत, पण आवाजही काढला नाही. मला वाटलं, देवानं ऐकलं.

ती चौकट ओलांडून गेली. मी वाटीत भात कालवत बसले. टीव्ही चालूच होता. रविवारी सकाळी त्या मालिकेचे आठवड्याचे भाग एकत्र दाखवतात हे मला माहीत होतं, पण त्या घाईत लक्षात आलं नाही. केतकी बॅग घेऊन बंगल्याच्या पायऱ्या उतरली. मी उठले, उशीखाली हात घातला, तर भाऊंनी रिमोट असा आवळून धरला होता की माझ्याच्यानं बोटं सुटेनात. ते आधी टीव्हीकडे बघत होते, मग रिकाम्या चौकटीकडे. विश्वजितचा हात पलंगावरून खाली आला, ढग गडगडले, आणि भाऊंनी ओरडून डाव्या हातानं स्वतःला खाटेवरून ढकलून दिलं. मी दंड धरला, पण पुरुषमाणसाचं ओझं, मलाही खाली घेऊन गेलं.

तो आवाज जीपपर्यंत गेला. गोजरबाई चपला पायात ठेवूनच घरात शिरली, आणि मागून कडूबाई. गोजरबाईनं बोचकं भिंतीशी टाकलं, गुडघा टेकला, भाऊंच्या काखेत हात घातला आणि आम्ही उचलायच्या आत त्यांना खाटेवर घेतलं. कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी काही नाही.

"बघ गं माय," कडूबाई म्हणाली, "टीव्हीत दाखवलं तस्संच झालं."

"टीव्हीत दाखवलं म्हनूनच झालं, कडूबाई."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी म्हणाले, "तू जा आक्का. आता आम्ही दोघी आहोत, टीव्हीची वायरच काढून ठेवते." कडूबाईही म्हणाली, जा. गोजरबाईनं एक पाऊल मागं घेतलं मात्र, भाऊ पुन्हा खाटेच्या कडेला सरकले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं त्यांच्या. ती उभ्या जागी थांबली. मग बोचकं उचलून तिनं माझ्याकडे दिलं.

"देऊन ये त्या डायव्हरला. गोधडी वरच हाय म्हनावं. पाळन्यात तीच घाला म्हनावं."

रोज जप लिहून झाला की मी वहीत दिवसाचं दोन ओळी लिहिते. त्या दिवशी बोचकं घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तेवढ्या वाटेचंच लिहायला पान पुरलं नाही. देवानं ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण काय ऐकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी उशिरा सायलीचा व्हिडीओ कॉल आला. गोजरबाईनं फोन भाऊंच्या छातीवर उभा धरला, म्हणजे दोघांना दिसेल.

"आई, तू..." सायली म्हणाली.

"पाळना दाव," गोजरबाई म्हणाली.

पाळणा दिसला. गोधडी खाली होती, मधला खाकी तुकडा बाळाच्या पाठीखाली. आत्यानं कानात कुर्र केलं, समर्थ नाव ठेवलं. फोन धरणारं माणूस हौशी होतं, त्यामुळे बाळापेक्षा फुगेच जास्त दिसले. गोजरबाई हिरव्या साडीतच होती. फोन बंद झाल्यावर तिनं साडी बदलली आणि चूल पेटवली.

आठ वाजता बायका आल्या. आज मोठा भाग होता, सकाळपासून जाहिरात चाललेली. केतकीनं देवापुढे पदर पसरला, घंटा वाजायला लागल्या आणि विश्वजित उठून उभा राहिला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. कडूबाईनं हात जोडले. कुणी टाळ्या वाजवल्या. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

"सेवेचं फळ," कडूबाई म्हणाली. "बघितलं का गोजरे?"

गोजरबाई बघत नव्हती. भाऊंची कूस पालटायची वेळ झाली होती. तिनं त्यांना भिंतीकडे वळवलं, पाठ पुसली, चादरीची सुरकुती काढली, आणि मग परत टीव्हीकडे वळवलं. तोवर विश्वजित बागेपर्यंत पोचला होता.

"भागिरथे," तिनं मला विचारलं, "आता ही केतकी काय करनार? आता तर तो चालायला लागला."

"उद्याच्या भागाच्या जाहिरातीत दाखवलंय ना. भावाच्या लग्नाला जाणार आहे. चांगली चार दिवस राहणार आहे म्हणे."

गोजरबाई पहिल्यांदाच टीव्हीसमोर नीट मांडी घालून बसली, खाटेला टेकून. जाहिराती संपेपर्यंत उठली नाही. मग म्हणाली, "मग उद्या बगू."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचा डावा हात खाटेवरून खाली आला, चाचपडत तिच्या खांद्यापाशी गेला आणि तिच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं. गोजरबाईनं मागं वळून बघितलं नाही. पदर ओढू नये म्हणून ती फक्त खाटेकडे थोडी सरकून बसली.