हं, बोल

श्रीकांत एका मंगळवारी गेला. नेवाडातल्या साइटवर, जेवणाच्या सुट्टीत. अॅम्ब्युलन्स खडीच्या रस्त्याने पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

मी पुस्तकांत रमणारी बाई. या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचायचे ते करमणूक म्हणून, विश्वास कधीच नव्हता... म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे. श्रीकांत, माझा नवरा, रस्त्यांचा इंजिनिअर. नेवाडाच्या वाळवंटात दोन लहान वस्त्यांमधला एक कच्चा रस्ता डांबरी करायचं काम त्याच्याकडे होतं. आठवडाभर तिकडे, शनिवारी घरी — कपड्यांत पांढरी धूळ घेऊन.

दोनेक महिन्यांनी त्याचं सामान आणायला गेले. काम चालू असलेल्या पट्ट्यात आपली गाडी नेता येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर साइटवर काम करणाऱ्या डनीझने मला तिच्या ट्रकमध्ये बसवलं. मोबाईलला रेंज नाही. सगळं बोलणं वायरलेसवर. दुपार होती, दोन्ही बाजूंना नुसती खुरटी झुडपं.

"तुझ्या नवऱ्याला आम्ही मिस्टर बोला म्हणायचो," डनीझ म्हणाली. "वायरलेस उचलला की पहिला शब्द तोच. मला वाटायचं, आडनाव आहे!"

"त्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. पण तोवर आम्ही त्याच्या हेल्मेटवर लिहून टाकलं होतं."

मी हसले. तो गेल्यानंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"हं, बोल."

श्रीकांतचा आवाज. कामात असताना माझा फोन उचलायचा, तसा — जरा दमलेला.

डनीझने ब्रेक मारला. "कोण नक्कल करतोय? लाज वाटत नाही?" ती वायरलेसवर ओरडली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पण शब्द अर्धाच होता, नाही?"

अर्धा नव्हता. 'बोला' तो सगळ्या जगाला म्हणायचा, 'बोल' फक्त मला. त्या रस्त्यावर हा फरक कुणाला ठाऊक असणार?

डनीझने वायरलेस माझ्या हातात दिला. सांगायचं इतकं साठलं होतं... मी बटण दाबलं आणि तोंडून निघालं, "जेवलास का रे?"

थोडी खरखर झाली. मग तीही थांबली.

संध्याकाळी डनीझने एकेकाला विचारलं. त्या वेळी वायरलेसवर कुणीच काही बोललं नव्हतं. ओढीने माझे कान वाजले असतील, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण तिनेही ऐकलं होतं.

रस्ता पूर्ण झाला, असं डनीझने कळवलंय. कामावरची माणसं पांगली, वायरलेस जमा झाले. मी अजून उत्तराची वाट बघते.