यजमानांचा दसऱ्याचा सदरा

दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं, की सगळ्यांत आधी यायचा तो यजमानांच्या सदऱ्याचा गंध… चंदनाचा, थोडा वाळ्याचा. म्हैसूरच्या नजरबादमधल्या आमच्या दोन खोल्यांत शिलाई यंत्राचं तेल आणि तापलेली इस्त्री यांच्या वासातूनही तो वेगळा ओळखू येई. हूटगळ्ळीला त्यांचा उदबत्त्यांचा मोठा कारखाना होता. तसे ते आमच्यातलेच, विठ्ठलाच्या देवळात भजनाला आमच्याबरोबर सतरंजीवर बसणारे. पण सारं गाव त्यांना यजमान, म्हणजे धनी, म्हणे, म्हणून आम्हीही.

दसऱ्याआधी माझे वडील, अप्पा, त्यांचं माप घ्यायला निघाले की टेप गळ्यात घालून मी त्यांच्या मागे. त्या घराची थंडगार लाल फरशी, पितळी कड्यांचा झोपाळा, ओल्या मातीवर सांडलेली सोनचाफ्याची फुलं, आणि यजमानांच्या पत्नीने—आमच्या काकीने—हातावर ठेवलेला ऊन म्हैसूरपाक, ज्याचं तूप मनगटापर्यंत ओघळायचं… अप्पा छातीला टेप लावून दरवर्षी म्हणत, "यजमान, थोडं वाढलंय हं!" आणि सगळे हसत. आमच्या घराण्याचा दंडकच होता, की भरल्या घरच्या माणसाचा कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत भरपूर कापड दाबून ठेवायचं. तो कधी शिवून लहान करावा लागेल, हे मनातसुद्धा आणायचं नाही. ते अशुभ!

पुढे मूत्रपिंडाच्या आजाराने काकी गेली आणि यजमानांनी जे केलं त्याने आम्ही हबकूनच गेलो. कारखाना विकून टाकला, राहत्या घराचं डायलिसिसचं मोफत रुग्णालय केलं आणि स्वतः येलवालला भाड्याच्या दोन खोल्यांत जाऊन राहिले. गावाने हारतुरे घातले. मला मात्र भयंकर राग आला. दान करावं, पण डोकं टेकायची जागासुद्धा देऊन टाकायची? अप्पांचे पाय थकले, माप घेणं थांबलं, तरी दसऱ्याचा सदरा चुकला नाही. जुन्या मापात अंदाजाने थोडं वाढवून ते शिवत राहिले आणि रुग्णालयाच्या दारवानाकडे तो पोचता करत राहिले.

यंदा मी माहेरी होते, म्हणून मीच घेऊन गेले. झोपाळ्याच्या जागी आता बाकं होती. चंदनाचा मागमूस नव्हता, नुसता फिनेलचा वास… पिशवी दारवानाच्या हाती देणार, तोच बाकाच्या टोकावरून एका म्हाताऱ्याने हाक मारली.

"पुट्टी ना तू? अप्पाची? बा, बा, ये. कूतगो, बस इथं."

पुट्टी—कानडीत लहानगी! मला या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता. मातकट चेहरा, गळ्याची वर आलेली हाडं, हातावर चिकटपट्टी…

"यजमान? तुम्ही इथं?"

"मला पण तोच रोग आलाय की. माझा नंबर यायचाय अजून."

"तुमच्याच घरात तुम्हाला नंबर?" मी ओरडलेच. "थांबा, मी आत जाऊन सांगते तुम्ही कोण ते!"

"बेडा, पुट्टी. नको." त्यांनी माझं मनगट धरलं. "वशिला चालायचा नाही, हा नियम मीच केलाय. तुझ्या काकीच्या वेळी त्या मोठ्या हॉस्पिटलात मी ओळख काढून पुढं घुसलो होतो. आमच्या मागं एक पोरगी होती, तुझ्याएवढी. ती त्याच दिवशी गेली."

त्या हसऱ्या घराच्या पोटात हे होतं, आणि आम्ही त्याला नुसतं दान म्हणत होतो!

त्यांनी सदरा तिथेच अंगावरच्या कपड्यांवरून चढवला. खांदे दंडांवर उतरले, बाह्यांत बोटं बुडाली, आणि ते मात्र खुशीत कापडावरून हात फिरवत राहिले. "भारी झालाय. अप्पाला सांग." मग परिचारिकेने इतर कुणाचंही घ्यावं तसं त्यांचं नाव पुकारलं, आणि भिंतीचा आधार घेत ते आत गेले—जिथे काकी म्हैसूरपाक करायची, त्या खोलीत.

घरी अप्पा दाराशीच बसले होते.

"बसला का गं सदरा? कुठं ओढत नाही की?"

"नाही अप्पा… कुठेच ओढत नाही."

"आत कापड ठेवलंय मस्त," ते समाधानाने म्हणाले. "अजून वाढले तर पुढच्या दसऱ्याला सैल करू."