होडीचा गंज

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला होडी विकत घेण्याआधीही माहीत होतं.

कोकणातल्या एका मित्राने ती माझ्या गळ्यात मारली. शिडाची, देखणी, फक्त खाऱ्या हवेने तिचं सगळं लोखंड खाल्लेलं. कड्या, बोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या, सगळं तांबडं! चौसाळ्याला कड्या विचारायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "कंच्या ट्रॅक्टरच्या?" माझं डोकंच फिरलं. तसाच परत आलो.

घरी बायकोने निकाल दिला, "एकदा तरंगून दावा. बुडाली, तर त्यात म्हशीला पेंड घालीन!"

म्हशीला! माझ्या होडीत!

त्यात मी पाटोद्याला लग्नात अडकलो. मेव्हण्याला फोन केला. खास कोकणी मित्राच्या शुद्ध मराठीत, "बाळू, होडीचा गंज काढ. घासून लख्ख कर!"

"काढतो की दाजी!"

रविवारी पालीच्या तलावावर अर्धी भावकी जमली. बिजागऱ्या तांबड्याच दिसल्या. (मला वाटलं, घासून वर रेडऑक्साइड मारलं असेल. किती गुणी पोरगा!) शीड फुगलं, होडी निघाली, अन् मधोमध बिजागरी काडकन तुटली. सुकाणू माझ्या हातात, बोल्टाच्या भोकातून तलाव आत! पाणी उपसायला मी होडीत एक जर्मनचं पातेलं ठेवलं होतं. तेही गायब!

"बाळ्या! गंज काढला न्हाईस का बे?"

"काढला की! लई घासला! भात टाकलाय त्यात!"

काठावर तीन दगडांच्या चुलीवर माझं पातेलं चकाकत होतं. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडाला चढतो तो जंग. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, पण होडी घेतल्यापासून माझी जीभ कोकणात गेली होती ना!

"मंग जंग म्हणायचं की दाजी!"

"भात ओत अन् गंज फेक, गाढवा!" पाणी माझ्या छातीला लागलं होतं.

तेवढ्यात बायको कडाडली, "भाताला हात लावू नको, बाळू! त्यान्ला पवता येतंय!"

शेवटी होडी ट्रॅक्टरने ओढून काढली. बाळूशी मी अजूनही धड बोलत नाही.

होडी आता गोठ्यात आहे. परवा बायको म्हणाली, "म्हैस बांधायची कडी जंगानं खाल्ली. नवी आणा." निमूट चौसाळ्याला गेलो. दुकानदार तोच.

"कंच्या ट्रॅक्टरची?"

"म्हशीची," मी म्हणालो.