आंघोळीनंतरचं तेल

शाळेच्या नळाखाली, भर थंडीत, बिहारहून आलेली पूनम हातपाय घासत होती. "काय गं हे?" मी विचारलं. "तेल काढतेय, सर."

काल माझ्या शेजारच्या वर्गात तिच्या बाईंनी तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आंघोळ करत नाहीस का गं? केवढा वास येतोय!"

"करते बाई. मग आई मोहरीचं तेल लावते, थंडी लागू नये म्हणून."

अख्खा वर्ग नाक दाबून हसला होता.

आपल्याकडे आधी तेल आणि मग आंघोळ, त्यांच्याकडे उलट. फरक काय तो एवढाच. दिवाळीच्या पहाटे आपल्या अंगाला लागतं ते अभ्यंग, हिच्या अंगाला लागली ती घाण! बाजूला घेऊन हळूच विचारलं असतं, तर बाईंचं काय गेलं असतं? पण दुसऱ्याच्या लेकराला स्वच्छता शिकवायला आपल्याला चारचौघं लागतात.

पूनम वर्गात गेली तेव्हा तिचे हात पांढरे पडून उलले होते.

"आता कशी स्वच्छ दिसतेस!" बाई खूश झाल्या.

घरी तिची आई निर्धास्त असेल. तेल लावून पाठवलंय, पोरीला थंडी बाधायची नाही.